कोंबडी बसलेला अर्पणाचा डबा

मित्रांनो, माझ्यात कधीकाळी बिस्किटं होती, हे आज सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. चौकोनी, रुंद तोंडाचा. नाताळाच्या आधी मला लुंगले शहराच्या बाजारातून डोंगरावरच्या आमच्या गावात आणलं, आणि नाताळ उजाडायच्या आत मला रिकामं केलं. माझ्यावर एक गुबगुबीत बाळ छापलेलं होतं. गंजाने त्याचे डोळे खाल्ले, गाल खाल्ले, नाकही खाल्लं. बाळ तरी हसतंच आहे.

माझी मालकीण पी थुआमी. आमच्याकडे बाईला मान द्यायचा म्हणून नावाआधी 'पी' लावतात. थुआमीने मला घासलं, चुलीजवळच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "आजपासून तू प्रभूचा."

छाती कशी फुगली म्हणता! पत्र्याला फुगता येत नाही, एवढंच.

आमच्या गावची रीत अशी आहे. भात टाकायचा असला की घरापुरते तांदूळ मोजून घ्यायचे, आणि भांडं चुलीवर चढवायच्या आधी त्यातली एक मूठ प्रभूसाठी बाजूला काढायची. आधी त्याची, मग आपली. ती मूठ माझ्यात पडायची. शनिवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीतली बाई टोपलं घेऊन दारोदार फिरायची, आणि अशा मुठी मुठी जमवून, ते तांदूळ विकून देवळाचं छप्परसुद्धा झालं. पावसात ते वाजायला लागलं की मला वाटायचं, माझंच कौतुक चाललंय.

मुठीवरून मला थुआमीचं मन कळायचं. पाळकांचं प्रवचन फार लांबलं की सोमवारची मूठ बारकी. एकदा तिने अशीच बारकी मूठ टाकली, पाणी आणायला म्हणून दारापर्यंत गेली, मागे फिरली आणि आणखी थोडे तांदूळ घातले. वर बघून म्हणाली, "राग पाळकांवर आहे बरं का, तुझ्यावर नाही."

तांदूळ न्यायला यायची शेजारची, वरच्या घरातली पी बियाकी. दोघी परकरी वयापासूनच्या मैत्रिणी. दोघींचे नवरे गेले, मुलं शहरात गेली. देवळात एका बाकावर बसायच्या, एकाच पुस्तकातून गायच्या. बियाकी बेसूर गायची आणि थुआमी ते झाकायला मोठ्याने गायची. शनिवारी टोपलं दारात आणि बियाकी चुलीपाशी. काळा चहा, गुळाचा खडा आणि अख्ख्या गावाची उणीदुणी. तांदूळ न्यायचे राहून जायचे, मग परत यायची, की पुन्हा चहा.

आणि मग एका नाताळाचं जेवण आलं.

सगळ्या मंडळीचं जेवण. डुकराचं मांस शिजवायचं काम थुआमीकडे. पंगत बसली. बियाकीने घास घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अगं थुआमी, हे अजून ओरडतंय की! हाडापाशी कच्चंच राहिलंय."

पंगत हसली. थुआमी नाही हसली. दुसऱ्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

पण शनिवार काही बंद होत नाही. बियाकी घरात यायला नको म्हणून थुआमीने मला उचललं आणि बाहेर ओसरीवर ठेवलं. मित्रांनो, चुलीच्या उबेतून मी थंडीत आलो. बियाकी यायची, मला टोपल्यात उलटं करायची, आपटून खाली ठेवायची. त्या आपटण्याने माझा कोपरा चेपला. बाळाची हनुवटी गेली.

माझं झाकणही एका वाऱ्याच्या दिवशी दरीत गेलं. कुणी शोधलं नाही. मग एका सकाळी बियाकीची तांबडी कोंबडी ओसरीवर चढली. तिने मला सगळीकडून पाहिलं आणि ती माझ्यात बसली. अंडी घातली. उबवायला लागली.

शनिवारी बियाकी आली. बघितलं. हवेला उद्देशून म्हणाली, "ज्यांच्या ओसरीवर बसली, त्यांनी उठवावी."

आतून थुआमी चुलीला म्हणाली, "ज्यांची कोंबडी, त्यांनी उठवावी."

कुणीच उठवली नाही. थुआमी मात्र देवाच्या मुठीत खंड पडू द्यायची नाही. ती रोज मूठ आणायची आणि कोंबडीच्या बाजूने हळूच सोडायची. कोंबडी मान वळवायची आणि खाऊन टाकायची. प्रभूचा वाटा इतक्या आवडीने कुणी खाल्ला नसेल.

शेवटी मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी एक, उपा झुआला आले; 'उपा' म्हणजे मंडळीतला वडीलधारा. दोघी आपापल्या ओसरीवर उभ्या राहिल्या. मध्ये उपा, माझ्यात कोंबडी.

"उपा, त्यांना सांगा, कोंबडी माझी आहे, अंडी माझी आहेत."

"उपा, त्यांना सांगा, डबा माझा आहे."

"आणि तांदूळ?" उपांनी विचारलं.

"प्रभूचे!" दोघी एकदम म्हणाल्या, आणि एकदम बोललो म्हणून दोघींनी तोंडं फिरवली.

उपांनी डोकं खाजवलं. "म्हणजे ही कोंबडी देवाच्या घरात बसून देवाची चोरी करतेय. हिला मंडळीसमोर उभी करायला पाहिजे." कोंबडीने त्यांच्या बोटाला टोचलं. बोट चोखत ते म्हणाले, "पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे, सगळ्यांनी मिळून प्रभूच्या नावाने भाकर घ्यायचा दिवस. कोंबडीचं सोडा. तुम्ही दोघी भाकर घ्यायला कोणत्या तोंडाने येणार?"

त्यावर बियाकी घरात गेली. थुआमी खाली बसली, माझ्या शेजारी. म्हणाली, "उपा, मी नाही यायची. माझा हात पुढे होणार नाही. इतक्या वर्षांत कधी चुकलं नाही हो. पण खोट्या हाताने त्याची भाकर कशी घेऊ?"

जाताना उपा म्हणाले, "प्रभूनेच सांगून ठेवलंय. अर्पण राहू दे तिथंच. आधी जिच्याशी वाकडं आहे, तिच्याकडे जा."

रविवार उजाडला. पहिली घंटा झाली. थुआमीने धुतलेलं वस्त्र नेसलं, माझ्याकडे बघितलं आणि वरच्या पायऱ्यांनी बियाकीच्या घराकडे निघाली. ती पायऱ्या चढून दिसेनाशी होते न होते, तोच खालच्या वाटेने वळसा घालून कोण येतंय? बियाकी! तीही धुतलेलं नेसून.

मला ओरडावंसं वाटलं. डबा कुठे ओरडतो?

"थुआमी?" बियाकीने दार ढकललं. घर रिकामं. तिचा चेहरा उतरला. "बघ, मी येतेय हे कळलं आणि बाई निघून गेली." ती जायला वळली, पण गेली नाही. माझ्यापाशी मटकन बसली. कोंबडीकडे बघत राहिली.

"तुला सांगते," ती कोंबडीला म्हणाली, "मांस छान शिजलं होतं. माझी दाढ ठणकत होती. सगळे तिचंच कौतुक करत होते, आणि मला चावताही येत नव्हतं. तोंडातून गेलं ते गेलंच." तिने पदर डोळ्यांना लावला. "आता दाढ उपटून टाकली. पण ते बोललेलं कुठे उपटता येतं?"

दुसरी घंटा झाली. तेवढ्यात पायऱ्यांवरून धापा टाकत थुआमी आली, स्वतःशीच बडबडत. "मुद्दाम गेले, तर बाईसाहेब घरात नाहीत!"

आणि ती थबकली.

"तू कुठे होतीस?" बियाकी म्हणाली.

"तुझ्या घरी. कधीपासून बसले होते. चहाही ठेवला."

"माझ्या चुलीवर? उतरवलास का?"

"...नाही."

"देवा! घर जाळशील माझं!"

दोघी पळत सुटल्या. म्हाताऱ्या बाया, एकमेकींचा हात धरून, पायऱ्या चढत. वरून बियाकीचा आवाज आला, "कच्चं नव्हतं गं!" आणि थुआमीचा, "आधी चहा बघ, रडू नकोस!"

चहा जळून गेला होता म्हणे. घर वाचलं. देवळात गाणं सुरू झालं तेव्हा त्यात दोघींचा आवाज नव्हता. दुसऱ्या कडव्याला एक बेसूर आवाज मिसळला, आणि मागोमाग त्याला झाकणारा दुसरा. ओसरीवर बसून मी ऐकत होतो. त्या दिवशी माझ्यात अर्पणाचा एक दाणा नव्हता. होतं ते सगळं कोंबडीच्या पोटात. तरी इतका भरलेला मी कधीच नव्हतो.

मित्रांनो, मला घासा, पुसा, असं मी म्हणणार नाही. मला गंजाची सवय आहे. फक्त एवढंच करा. कुणाशी बिनसलं असेल, तर हातातलं अर्पण खाली ठेवा आणि त्याच्याकडे जा. त्याचं घर रिकामं दिसलं, तर रागावून परत फिरू नका. थोडं बसा. तो कदाचित तेव्हा तुमच्याच घरी येऊन तुमची वाट बघत असेल.