चौतालवाले येतील

समदाईचा नवरा जगरूप गेला त्या दिवसापासून तिच्या चुलीवर कढई चढली नव्हती. डाळभात होत होता, तव्यावर रोटी पडत होती, पण तळण म्हणून नाही. पूर्वी ऊसमळ्यांवर मजुरीला समुद्रापार आलेल्या हिंदुस्थानी लोकांच्या, बर्बीसच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात घरात माणूस गेलं की फगव्यापर्यंत, म्हणजे रंगांच्या सणापर्यंत, असंच चालायचं. मग फगव्याच्या सकाळी होळीची गाणी गाणारे चौतालवाले दारात यायचे, दोन रांगा करून समोरासमोर बसायचे, ढोलक घुमायचा, आणि एका रांगेने टाकलेली ओळ दुसरी रांग उचलायची. गाणं संपलं की ते घरातल्यांच्या कपाळाला अबीर लावायचे. बाई आत जाऊन कढई चढवायची, डाळीच्या भज्यांसारख्या पहिल्या फुलौऱ्या त्यांच्याच हातावर ठेवायची, आणि दुखवटा उठायचा. समदाईच्या सासूसासऱ्यांचा असाच उठला होता.

यात एक मेख होती. दुखवट्याच्या घराने गाणाऱ्यांना बोलवायचं नाही, त्यांनी आपण होऊन यायचं. बोलावून आणलेल्या गाण्याने काही उठत नाही, असं समदाईची सासू म्हणायची. सासूच्या म्हणण्यातलं निम्मं समदाईने आयुष्यभर मनातल्या मनात खोडून काढलं होतं. हे मात्र तिने खरं मानलं होतं.

तिची एकुलती एक लेक चंद्रो टोरांटोला होती. लग्न होऊन गेलेल्या लेकीला एवढं पाळायची गरज नव्हती, पण ती बापाची लाडकी. विमानाचं तिकीट मिळेपर्यंत बापाला अग्नी देऊन झाला होता, आणि ते तिच्या मनातून जात नव्हतं.

"माई, तुझ्याकडे कढई चढली की मी इथे चढवीन," तिने फोनवर सांगून टाकलं होतं. "त्याआधी नाही."

"अगं, पोरांचे हाल कशाला करतेस? ती पुरीशिवाय जेवत नाहीत."

"जेवतात. तोंडं वाकडी करून जेवतात. बापूसाठी मला एवढं तरी करू दे."

समदाई म्हणाली, "बरं, फगव्याला चौतालवाले येऊन गेले की लगेच फोन करते." बोलून गेली खरी, पण त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला.

कारण चौतालवाले घरोघर जात होते ती गोष्ट जुनी झाली होती. ते बंद कुणी केलं? दुसऱ्या कुणी नाही, जगरूपनेच. घरोघर गाणं म्हणजे घरोघर रम. चौथ्या घरापर्यंत ढोलकवाला डुलायला लागायचा, आणि एका वर्षी तर दोघं गाता गाता कालव्यात पडले. जगरूप गावच्या हिंदू संस्कृती मंडळाचा अध्यक्ष होता आणि रागीट होता. त्याने फर्मान काढलं की यापुढे चौताल मंडळाच्या मैदानावर, मंचावर, माइकसमोर होईल, आणि तोंडाला वास येणाऱ्याने मंचावर पाय ठेवायचा नाही. मंडळ सुधारलं. गावोगावच्या स्पर्धांत बक्षिसं मिळाली. हिंदीचं अक्षर न ओळखणाऱ्या पोरांना त्याने इंग्रजी लिपीत गाणी लिहून दिली, श्वास कुठे घ्यायचा तेही खुणा करून दाखवलं. आपल्या लोकांचं गाणं बुडू दिलं नाही म्हणून जॉर्जटाउनला त्याचा सत्कारही झाला.

पण दुखवट्याची घरं त्याने कधी टाकली नाहीत. फगव्याला फटफटायच्या आधी तो चार जुन्या सोबत्यांना घेऊन निघायचा, ज्या घरी माणूस गेलं असेल तिथे गाऊन यायचा, आणि नऊला मैदानावर पांढराशुभ्र सदरा घालून हजर. पोरांना यातलं काही माहीत नव्हतं. सांगायला हवं असं त्याला कधी वाटलंही नसावं. मग त्या चौघांतला एक न्यूयॉर्कला लेकाकडे गेला, एक टोरांटोला, दोघं स्मशानात. गेल्या वर्षी तर जगरूप एकटाच ढोलक गळ्यात अडकवून एका म्हातारीच्या दारात गाऊन आला होता. एक ओळ या बाजूला बसून म्हणायची, मग उठून समोर जाऊन बसायचं आणि तीच ओळ उचलायची. हे त्याने घरी येऊन हसत सांगितलं होतं, आणि समदाईही हसली होती.

आता ते आठवलं की तिला त्याचा राग यायचा. शहाणा माणूस, सगळं शिकवलंस, तेवढं एक शिकवायचं राहिलं.

वसंत पंचमी झाली, होळीसाठी एरंडाची फांदी रोवली गेली, आणि रोज संध्याकाळी मंदिरातून चौतालचा सराव ऐकू येऊ लागला. समदाई अंगणात बसून ऐकायची. पोरं सुरेख गात होती. जगरूप जिथे श्वास घ्यायचा तिथेच ती घेत होती.

फगवा आठवड्यावर आला तेव्हा होरिलाल मास्तर आला. गावच्या शाळेत शिकवायचा. जगरूपनंतर मंडळाचा अध्यक्ष तोच झाला होता. माणूस मनाने चांगला, पण सभेत बोलायची एवढी सवय की दोघांशी बोलतानाही मागच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलायचा.

"काकी, यंदा आमच्या मनाला काही बरं वाटत नाही. काकांशिवाय फगवा म्हणजे काय? आम्ही ठरवलंय, मंचावर काकांचा मोठा फोटो, त्याला हार. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. गाडी पाठवतो."

"दुखवटा आहे ना रे," समदाई म्हणाली. "मी कशी येऊ मैदानावर? दुखवटा उठल्याशिवाय घराबाहेर सणाला जात नाहीत."

"हो, हो, तेही खरंच," मास्तर घाईघाईने म्हणाला. "तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

तिला वाटलं, आता विचारेल, काकी, दुखवटा उठतो कसा? त्याने विचारलं नाही. ती जरा पुढे सरकली.

"तुमची गाडी मैदानावर जाते ती याच रस्त्याने ना?"

"याच. पण काळजी करू नका काकी. तुमच्या घरावरून जाताना ढोलकावर थाप पडू देणार नाही. पोरांना मी बजावून ठेवलंय."

समदाईने उठून त्याला लिंबाचं सरबत दिलं.

शेजारची रुक्मिन कुंपणापलीकडून सगळं ऐकत होती. तिला दुसऱ्याच्या घरातलं ऐकल्याशिवाय भाकरी गोड लागत नसे. मास्तर जाताच ती आत आली.

"दीदी, तोंडाला कुलूप लागलं होतं का? सांगून टाकायचं, अरे बाबा, या नि गा."

"बोलवायचं नसतं."

"तुला बोलवायचं नाही. मला कुणी अडवलंय? माझ्या घरात कुठे दुखवटा आहे? नवरा चांगला ढेरी सोडून झोपाळ्यात घोरतोय."

"रुक्मिन, माझी शपथ आहे तुला."

"बरं बाई," रुक्मिन म्हणाली. शपथ पाळणाऱ्यांतली ती नव्हती, आणि हे समदाईला चांगलंच ठाऊक होतं. खरं सांगायचं तर ठाऊक होतं म्हणूनच तिने शपथ घातली.

दोन दिवसांनी रुक्मिन डोळे मिचकावत येऊन सांगून गेली. "मी काही बोलले नाही हं. पण बाजारात मास्तर भेटला, त्याला म्हटलं, मैदानावर जायच्या आधी जगरूपच्या दारात सगळ्यांना घेऊन जा, तशी आपल्यात रीत आहे. म्हणाला, नक्की. सगळे येणार आहेत, झाडून सगळे."

समदाईने तिला लटकं रागावून घेतलं. पण रात्री तिला बऱ्याच महिन्यांनी सलग झोप लागली.

फगव्याच्या सकाळी तिने अंगण सारवून घेतलं, समोरासमोर दोन चटया अंथरल्या. अबिराची वाटी ताटात ठेवली. चण्याच्या डाळीचं पीठ भिजवून फेटून ठेवलं, आंब्याची आंबट चटणी वाटून ठेवली. कढई घासून चुलीशेजारी ठेवली, तेलाची बाटली जवळ. जाळ मात्र केला नाही. तो गाणं झाल्यावर. मग ती दाराशी येऊन बसली. आपण नवऱ्याच्या दुखवट्याच्या दिवशी खुशीत आहोत याची तिला लाज वाटली, पण खुशी काही जाईना.

गाडी आली. दूर कालव्याच्या पुलाशी असतानाच ढोलक थांबला. झाडून सगळे आले होते, रुक्मिन खोटं बोलली नव्हती. पोरं, पोरी, सगळ्यांच्या अंगावर पांढरे कपडे, कपाळं कोरी. एकेक करून फाटकातून आत आले. मास्तरच्या हातात काचेचं चौकोनी सन्मानचिन्ह होतं, त्यात जगरूपचा फोटो. ढोलकवाल्या पोराच्या गळ्यात ढोलक नव्हता. तो गाडीतच ठेवून आला होता.

"बसा," समदाई म्हणाली आणि चटयांकडे हात केला.

"नाही काकी, आम्ही उभेच राहतो," मास्तर हलक्या आवाजात म्हणाला. एवढ्या हलक्या आवाजात बोलताना त्याला तिने प्रथमच ऐकलं. "जगरूप काकांच्या स्मृतीसाठी आपण सगळे शांत उभे राहू."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. अंगणात आवाज म्हणून उरला नाही. एका पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जगरूपने तिला लहानपणापासून शिकवलं होतं. समदाई दोन चटयांच्या मधे उभी होती. आता संपेल आणि कुणीतरी ओळ टाकेल, असं तिला अजून वाटत होतं. नुसती एक ओळ. ढोलकाशिवाय चालेल, मंचावरचा सूर नसला तरी चालेल. कुंपणाशी रुक्मिन तोंडावर पदर धरून उभी होती. तिच्या ध्यानात आलं होतं की आपण मास्तरला सगळं सांगितलं, पण गा एवढं सांगितलं नाही. चौतालवाल्यांना दारात जाऊन गा असंही कुणी सांगावं लागतं, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मास्तरने मान वर केली. सन्मानचिन्ह समदाईच्या हातात दिलं आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. मागोमाग सगळ्यांनी लावला. ताटातल्या अबिराच्या वाटीवर एका पोराची नजर गेली, तेव्हा शेजारच्या पोरीने त्याला डोळ्यांनी दटावलं. दुखवट्याच्या घरात रंगाला हात लावायचा नाही, एवढं तिला कळत होतं.

"अरे मास्तर," रुक्मिन कुंपणावरून बोलायला लागली.

"रुक्मिन," समदाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण रुक्मिन गप्प झाली. आता सांगून काय होणार होतं? पोरं ओशाळली असती, घाबरत घाबरत गायली असती, आणि ते बोलावून आणलेलंच गाणं झालं असतं.

"जा रे बाळांनो," ती म्हणाली. "उशीर होईल. नीट गा. घाई करू नका, शेवटी लय वाढते तेव्हा तुमचा श्वास अपुरा पडतो."

"काकी, तुम्ही ऐकता आमचा सराव?" ढोलकवाला पोरगा उजळून म्हणाला.

"ऐकते ना. रोज."

गाडी निघाली. सगळे शहाण्यासारखे गप्प बसले होते. गाडी भाताच्या गिरणीपाशी वळून दिसेनाशी झाली, तोवर कुणी चूं केलं नाही. आता काकीला ऐकू जाणार नाही अशी खात्री झाली असेल, तेव्हा कुठे त्यांनी ओळ टाकली. वारा समुद्राकडून होता. समदाईला ती ऐकू आली, दुसऱ्या रांगेने उचललेलीही अर्धी ऐकू आली, आणि मग काही नाही.

"दीदी, माझ्या तोंडात मार," रुक्मिन रडत म्हणाली.

"तुझा काय दोष? घरी जा. नवऱ्याला उठव, सण आहे."

ती आत आली तर फोन वाजत होता. चंद्रो पडद्यावर दिसली, मागे तिचं स्वयंपाकघर, तिची दोन्ही पोरं ओट्याला लोंबकळलेली. चंद्रोने केस धुतले होते.

"माई, आले होते?"

"आले होते. झाडून सगळे. चटया पुरल्या नाहीत."

"गायले?"

समदाईने सन्मानचिन्ह हातातून खाली ठेवलं.

"गायले गं. छान गायले. तुझ्या बापूने शिकवलं होतं अगदी तसंच."

चंद्रोने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरताना समदाईला दिसलं. बाप गेल्यापासून ते तिथे बसलं होतं.

"मग मी चढवू कढई?"

"चढव, बाळा. किती दिवस थांबलीस."

"तुझ्या फुलौऱ्या झाल्या? कशा झाल्यात?"

"चांगल्या फुगल्यात," समदाई म्हणाली. "फोन बंद नको करू. तिथेच ठेव कुठेतरी. मला तळताना ऐकू दे."

चंद्रोने फोन ओट्यावर टेकवून ठेवला. तेल तापलं, पहिली पुरी आत पडली, पोरं ओरडली. विझलेल्या चुलीसमोर पाटावर बसून समदाई शेवटची पुरी निघेपर्यंत ऐकत राहिली. मग भिजवलेलं पीठ तिने गाईला घातलं आणि दुपारसाठी भाताचं आधण ठेवलं. पुढचा फगवा यायला अजून सबंध वर्ष होतं.