सासऱ्यांचे विनोद

मोठ्या शहरातल्या इस्पितळात तिला मुख्य नर्सची जागा चालून आली होती. नवरा तयार होता, लेक तर नाचतच होती. पण तिचा जीव सासऱ्यांपाशी अडला. या वयात त्यांना मित्रांपासून कसं तोडायचं? शेवटी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "बाबा, मी नाही म्हणून कळवते."

"माझ्यामुळे?"

ती खाली मान घालून भाजी निवडत राहिली.

"अगं, इथे माझे विनोद सगळ्यांना तोंडपाठ झालेत. मी तोंड उघडलं की लोक काढता पाय घेतात. तिथे वर्षभर तरी हसतील!"

तिला हसू आवरेना. त्यांचे डोळे मात्र भरून आले होते.

"आठवण येईलच गं सगळ्यांची. पण तू मन मारून राहिलीस, तर मला घास गोड लागायचा नाही."

तिने होकार कळवला.