मारोतरावांचा उजवा हात

बोल्ट बोटांतून निसटला आणि टणटण आवाज करत मोटरसायकलच्या इंजिनच्या आत खोल कुठेतरी जाऊन पडला. मारोतराव उकिडवे बसले होते, तसेच बसून राहिले.

नंदनवन वस्तीतल्या या गॅरेजात त्यांनी इतकी इंजिनं उघडली होती, की हे काम त्यांनी डोळे मिटूनही केलं असतं. वरचं कव्हर काढायचं, चेनच्या चक्रावरची खूण इंजिनवरच्या खुणेला जुळवायची, चेन आत घसरू नये म्हणून तारेनं बांधायची, मग चक्राचे बोल्ट काढून झडपा हलवणारा दांडा, कॅमशाफ्ट, बाहेर घ्यायचा. आज किटकिट करणारं झिजलेलं बेअरिंग बदलायचं होतं. चेन बांधली होती. खूण जुळवली होती. दगा दिला तो हातानं.

सदर भागातल्या डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं, थरथर औषधानं कमी होईल, जाणार नाही. घरी येऊन मारोतराव बायकोला, गोपिकाबाईंना, म्हणाले होते, "थकव्यानं हाये म्हणते." त्या दिवसापासून गोपिकाबाई मारोतरावांच्या शर्टाच्या गुंड्या सकाळी आधीच लावून ठेवत, वरची एक तेवढी उघडी. शर्ट डोक्यातून घालता यावा म्हणून.

गॅरेजच्या मागेच घर. गोपिकाबाई दारात आल्या. "अजी, वरण थंडं होऊन राहिलं." मग नवऱ्याचा चेहरा पाहून म्हणाल्या, "काय झालं?"

"बोल्ट पडला आत. आता बाजूचं कव्हर खोला लागते."

"तं खोला."

मारोतरावांनी उजवा हात मांडीखाली दाबला. "नाई जमत, वं. सकाळपासून हालूनच राहिला हा. श्रीधरभाऊ संध्याकाळी गाडी न्याले येते. उद्या त्याले कन्हानले शाळेत शिकवाले जाचं हाये."

गोपिकाबाईंनी पदर खोचला आणि त्या गाडीपाशी खाली बसल्या. कुलरच्या जळालेल्या मोटरी घरी आणून त्यांना नवी तार गुंडाळून द्यायचं काम त्या लग्नानंतर शिकल्या होत्या. केसासारखी तार, पण त्यांच्या बोटांत ती क्वचितच तुटे.

"सांगा, कुठून खोलू?"

"इंजिन हाये हे. कुलर नोहे."

"तेवढं दिसते मले."

मारोतराव फणफणले. या इंजिनांना त्यांनी कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. पण मांडीखाली हात थरथरतच होता. शेवटी त्यांनी पान्हा गोपिकाबाईंकडे सरकवला.

"आधी ऑइल काढ. खाली घमेलं ठेव. आता हे स्क्रू... एकच पूर्ण नको काढू. समोरासमोरचे थोडे थोडे ढिले कर."

स्क्रू निघाले, पण कव्हर हलेना. गोपिकाबाईंनी फटीत पेचकस घालायला घेतला.

"थांब! काहून घाई करून राहिली? चरे पडतीन. लाकडी हातोडीनं हळू ठोक. सगळ्या बाजूनं."

कव्हर सुटलं. तळाशी उरलेल्या तेलात बोल्ट पडलेला होता. गोपिकाबाईंनी तो उचलून पदरालाच पुसला.

"आता कॅमशाफ्ट. वाकडा नको ओढू. सरळ. जरासा फिरवत ये."

शाफ्ट गोपिकाबाईंच्या तळहातात अलगद आला. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. मारोतरावांना बरं वाटलं. शाफ्ट जागेवरून सुटताना हाताला एक बारीक हिसका बसतो. इतकी वर्षं तो त्यांच्या हाताला कळत होता. आज त्यांनी तो नुसता पाहिला.

नवं बेअरिंग बसलं, खुणा पुन्हा जुळल्या, दोन्ही कव्हरं चढली, ऑइल भरलं. उन्हं कलली तेव्हा किक मारल्यावर इंजिन सुरू झालं. आतली किटकिट गेली होती.

श्रीधरमास्तर आले. त्यांनी गाडीचा आवाज ऐकला आणि खूश झाले. "तुमच्या हातची गोष्टच वेगळी हाये, मारोतराव."

गोपिकाबाई काळे हात पदराआड घेऊन आत वळल्या.

"माह्या हातचं नोहे, भाऊ," मारोतराव म्हणाले. "हिनं केलं. माहा हात कामातून गेला आता." हे ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले होते.

श्रीधरमास्तर संकोचून म्हणाले, "मंग... गॅरेज बंद करता का काय?"

दारातून गोपिकाबाई म्हणाल्या, "काहून बंद? सकाळी उघडतेच ना रोजच्यासारखं."

मास्तर गेले. मागच्या अंगणात गोपिकाबाईंनी हातांना कपडे धुवायची पावडर चोळली. मारोतराव उजव्या हातानं बादलीतलं पाणी मगानं ओतू लागले. धार कधी इकडे जाई, कधी तिकडे.

धार जिकडे जाई, तिकडे गोपिकाबाई आपले तळहात नेत राहिल्या.