जिन कुणाची

दादाच्या डाव्या नडगीवर त्रेचाळीस लाल ठिपके होते, उजवीवर अडतीस. टाचणीच्या डोक्याएवढे, दाबले तरी न पुसणारे. जिभेवर रक्ताचे दोन काळपट फोड. ती बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर ट्रेमधले अंकुर मोजायचे, उगवले किती, कुजले किती. त्यामुळे हॉस्पिटलात थोरल्या भावाच्या पलंगाशी बसल्यावरही तिचे डोळे आपोआप मोजत सुटले.

"बेरीज सांग," दादा म्हणाला.

"एक्क्याऐंशी. फोड धरले तर त्र्याऐंशी."

"चला, आयुष्यात एकदा तरी डिस्टिंक्शन मिळालं."

खिडकीशी आई होती. पायथ्याशी दादाचा मुकादम आणि बांधकामावरचे दोघं उभे होते. दादा तिथे क्रेन चालवायचा.

डॉक्टरीण आली ती रिपोर्ट हातात घेऊनच. "प्लेटलेट्स नऊ हजार. दीड लाखाच्या वर हव्यात. मेंदूत रक्तस्राव झाला तर आमच्याही हातात काही राहणार नाही. गेल्या महिन्यात चढल्या, घरी गेलात, पुन्हा उतरल्या. कारण सापडलं नाही तर प्लीहा काढायची वेळ येईल. म्हणून परत विचारते, काय पिता?"

"व्हिस्की. शनिवारी, यांच्याबरोबर."

"टॉनिक वॉटर? जिनमध्ये घालतात ते कडू पाणी. त्यात क्विनिन असतं. एखाद्याच्या रक्ताला ते चालत नाही, दिवसभरात प्लेटलेट्स तळाला जातात."

मुकादम खो खो हसला. "अहो मॅडम, हा क्रेन चालवतो, पाळणा नाही हलवत! जिन कसली पितोय?"

दादाही हसला. दातांच्या कडेला रक्त उमटलं. "नाही हो. ते बायकांचं."

व्हिस्कीने दादाची जीभ जळायची. शनिवारचा पेला तो कसाबसा संपवायचा. त्याला आवडायची जिन, तिला रम. पूर्वी दोघं बाहेर बसायचे तेव्हा वेटर न विचारता रम त्याच्यापुढे ठेवायचा, जिन तिच्यापुढे. वेटरची पाठ वळली की ग्लास बदलायचे. एकदा मुकादम अचानक आत आला आणि दादाने ती रम औषधासारखी घशात ओतली. तेव्हापासून रविवारी तिची खोली, पडदे ओढून.

दादाने तिच्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको.

"तो पितो," ती म्हणाली. "माझ्याकडे. टॉनिक घालून. दोन्ही वेळा रविवारी घेतली आणि सोमवारी ठिपके उठले."

दादा म्हणाला, "जिन तिची आहे. मी नुसता सोबत बसतो. सोडा घेतो."

आई वळली. "तू पितेस?"

नाही म्हणता आलं असतं. "पिते. पण रम."

"रम!" मुकादमाने भुवया उडवल्या. "ताई तर आमच्यापेक्षा पुढे."

"एकटीची खोली हवी होती ना हिला," आई भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली. "ती यासाठी."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणावं, तर ती काही संन्यासी नव्हती. तिने खाली पाहिलं नाही, एवढंच.

"भांडण घरी करा," डॉक्टरीण म्हणाली. "एक तपासणी आहे. तुमच्या रक्ताच्या दोन नळ्या. एकीत क्विनिन घालायचं, एकीत नाही. क्विनिन असतानाच प्लेटलेट्सना प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, चिकटली, तर दोष त्याचा. चालेल?"

"घ्या की," दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "सोड्याचं काय निघणार!"

बाहेर व्हरांड्यात मुकादम तिच्या जवळून गेला. "कधी बसू या मग, ताई?" ताई शब्दावर त्याने जोर दिला. दुपारी आईने तिने आणलेला डबा उघडला नाही.

संध्याकाळी दादा एकटा होता.

"तुला गप्प बसता येत नव्हतं?"

"प्लीहा काढू दिली असतीस?"

"उद्या क्रेनवर चढलो की खालून शिट्ट्या येतील."

"मला आजच आल्या."

"तुझं वेगळं." त्याचा आवाज बसला होता. "तू रम प्यायलीस तर वाया गेलेली बाई होशील. बाईच राहशील ना पण? मी जिन प्यायलो तर कोण राहतो?"

"जिन पी हवी तर," ती म्हणाली. "टॉनिक तेवढं नको."

तो हसला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. खोलीत आई होती, आणि डबा खायच्या सुट्टीत मुकादम बांधकामावरच्या त्या दोघांना घेऊन डोकावला होता. डॉक्टरणीने कागद उघडण्याआधी विचारलं, "यांना बाहेर थांबायला सांगू?"

दादाने बहिणीकडे पाहिलं. तिची खुर्ची आज दारापाशी होती. आईने पलंगाजवळची स्वतः घेतली होती.

"राहू द्या," तो म्हणाला. "मोठ्याने वाचा."

डॉक्टरणीने चष्मा लावला. प्रतिपिंडांचा दोनपर्यंतचा आकडा निर्दोष धरतात, असं तिने आधी सांगितलं. क्विनिन न घातलेली नळी, एक पूर्णांक एक. क्विनिन घातलेली नळी, नऊ पूर्णांक चार.