डावीकडचा पट्टा

“आई, किती वेळा उसवशील गं ते खोगीर?”

ड्यूल्सीनं मान वर केली नाही. ओसरीतल्या टेबलावर खोगीर पालथं पडलं होतं आणि त्याच्या गादीतून ती लोकर ओढून काढत होती.

“गाठी झाल्यात,” ती म्हणाली. “घामानं लोकर बसते. एक गाठ राहिली तरी घोड्याला बुटात खडा गेल्यासारखं होतं. हातानं पिंजायची, चिमटीचिमटीनं भरायची. कोंबायची नाही.”

“हे तू मागच्या खेपेलाही सांगितलंस. आणि त्याच्या मागच्याही.”

जेनिस, तिची मुलगी, काल टूवूम्बा शहरातून आली होती ती गाडीमागे घोडा न्यायचा डबा जोडून. डबा रिकामा होता. एवढा लांबचा रस्ता रिकामा डबा ओढत कुणी नुसतं आईला भेटायला येत नाही, हे दोघींनाही कळत होतं, त्यामुळे दोघी डब्याविषयी बोलत नव्हत्या.

बोलायचं होतं ते आधीच ठरलं होतं. बिस्किटच्या, म्हणजे ड्यूल्सीच्या घोडीच्या, पाठीवर मानेच्या मुळाशी उजव्या अंगाला जखम झाली होती. विश्रांती दिली की भरायची, खोगीर चढवलं की पुन्हा उघडायची. मेंढ्यांच्या कातरणीपर्यंत ती बरी झाली नाही, तर घोडी जेनिसच्या मुलींकडे जायची आणि ड्यूल्सी जेनिसच्या घरामागच्या खोलीत. तसा शब्द ड्यूल्सीनं स्वतः दिला होता. कातरणी कालपरवाच संपली होती.

घोडीशिवाय इथं राहून ती करणार तरी काय? पाण्याच्या टाक्या लांब, कुंपणं त्याहून लांब. तिचा नवरा क्लॅरी होता तेव्हा त्यानं तिला मोटरसायकल शिकवायचा प्रयत्न केला होता. “ज्याला घरची वाट माहीत नाही, त्याच्यावर मी बसणार नाही,” असं म्हणून ती उतरली, ती कायमची.

तिनं सगळं करून पाहिलं होतं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, नवा शिवला. पाठीवरचं कांबळं बदललं. ह्या घरात चामड्याचं काम पहिल्यापासून तिचंच; क्लॅरीला आरी धरता यायची नाही. एका दोऱ्याला दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्हीकडून टाका, दोऱ्याला मेण, आणि दोरा नेहमी चामड्यापेक्षा कच्चा. दोरा तुटला तर पुन्हा शिवता येतं, चामडं फाटलं तर नुसतं रडता येतं, असं ती शेजारणींना सांगायची. क्लॅरी गेला त्या हिवाळ्यात हातांना काही काम हवं म्हणून तिनं रिकिबींचे, म्हणजे पाय अडकवायच्या कड्यांचे, पट्टे नवे केले. दोन्ही एकाच कातड्याच्या पाठीच्या भागातून, एकमेकांना लागून कापलेले. पोटाकडचं चामडं ताणलं जातं. शिवाय दगड भरलेल्या बादल्या लावून झाडाला टांगून ठेवले होते. दुसऱ्या कुठल्याही टाक्याबद्दल तिनं शंका घेतली असती, त्या पट्ट्यांबद्दल नाही.

“काल फाटकातून तू येताना दिसलीस ना,” जेनिस चहाचा कप फिरवत म्हणाली, “क्षणभर मला वाटलं बाबाच आले. अगदी तशीच. डावीकडे कललेली.”

ड्यूल्सीचे हात थांबले.

इकडे माणूस चेहऱ्यावरून ओळखत नाहीत. चेहरा दिसेपर्यंत चहा उकळून झालेला असतो. माणूस ओळखतात तो घोड्यावरच्या बैठकीवरून. आणि क्लॅरीची बैठक तर लहान पोरंही ओळखायची: वारा उजवीकडून लागल्यासारखा तो आयुष्यभर डावीकडे झुकून बसला. ड्यूल्सी त्याला ‘तिरपा खांब’ म्हणायची, आणि दर वर्षी त्याच्या खोगिराच्या एका गादीत गुपचूप मूठभर लोकर जास्त भरायची, म्हणजे त्याच्या घोड्याची पाठ शाबूत राहील.

“माझी बैठक सरळ आहे,” ती म्हणाली. “सगळा जिल्हा सांगेल.”

“होती गं. वय झालं की माणूस वाकतं, त्यात काय लाजायचं? खोगिरात काही नाहीये, आई. तुझ्यात आहे.”

ड्यूल्सीनं गादी शिवून पुरी केली. मग दोरा दातानं तोडत म्हणाली, “खोगीरवाल्या मर्व्हला दाखवू. तो म्हणाला माझ्यात आहे, तर घोडी चढव डब्यात.”

*

मर्व्हचं दुकान गावात, दारूच्या दुकानाला लागून. पूर्वी तिथे दहा-दहा खोगिरं ओळीनं असायची. आता कुत्र्यांचे पट्टे आणि पाहुण्यांसाठी कमरपट्टे टांगलेले असतात. आज त्याच्या मांडीवर एक बाईमाणसाची पर्स होती.

“हसू नकोस,” तो ड्यूल्सीला म्हणाला. “हिच्यावर वीजबिल भागतं.”

“मी कुठं हसले? टाके बरे आहेत. कुणाकडून शिवून घेतलेस?”

“झालं, आली म्हातारी!” मर्व्हनं पर्स बाजूला ठेवली आणि खोगीर मांडीवर घेतलं. दोन्ही टोकं धरून पोटाशी दाबलं, कान लावून ऐकलं. आतली लाकडी चौकट करकरली नाही. गादीवरून तळवा फिरवला. पट्टे, टाके, कड्या, सगळं बोटांनी चाचपलं.

“ह्याला काही झालेलं नाही,” तो म्हणाला.

जेनिसनं आईकडे पाहिलं नाही. ड्यूल्सीला तेवढंच पुरे झालं. ती खुर्चीवरून हॅट उचलायला वाकली.

“कुठं निघालीस? चढ.”

कोपऱ्यात लाकडी घोडा होता. त्याच्यावर मर्व्हनं खोगीर टाकलं.

“ह्या वयात? भर दुकानात?”

“दारूच्या दुकानातून लोक बघायला येतील एवढं तुझं आता काही राहिलं नाही गं. चढ.”

ती चढली. मर्व्ह मागे जाऊन उभा राहिला, बराच वेळ. मग पुढे आला, दोन्ही रिकिबींमधून तिचे पाय काढले आणि रिकिबी नुसत्या लोंबू दिल्या.

“जेनिस, इकडं ये. बघ.”

डावी रिकीब उजवीपेक्षा चांगली दोन बोटं खाली होती.

“शक्यच नाही,” ड्यूल्सी वरूनच म्हणाली. “मी स्वतः कापलेत. पाठीतून. दोन्ही सारख्याच नंबरच्या भोकात आहेत. आठवडाभर दगड बांधून टांगले होते मी!”

“दगड काय रोज डाव्या बाजूनं चढतो? तू चढतेस. रोज सगळा भार डाव्या पट्ट्यावर, तो ताणला जाणारच. नवा तर जास्तच. मग तू तिकडं कलतेस, खोगीर तिकडं सरकतं, नि उजवीकडून घोडीला घासतं.” मर्व्हनं डोकं खाजवलं. “पट्टे शेवटचे बदललेस कधी?”

“सांगतेय ना, नवेच आहेत.”

“तसं नाही. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.”

उभ्या आयुष्यात ड्यूल्सीनं हे कधी केलं नव्हतं. करावं लागलंच नव्हतं.

“जुन्यांना तर असं कधी झालं नाही,” ती म्हणाली.

“कसं होईल? क्लॅरी बदलायचा ना. हे खोगीर तुझ्यासाठी न्यायला आला तेव्हा मीच बजावलं होतं त्याला.” मर्व्ह थांबला. “तुला ठाऊक नव्हतं?”

मग जेनिस हळूच म्हणाली, “रविवारी.”

“काय रविवारी?”

“दर रविवारी संध्याकाळी आपण फोनवर बोलायचो. आणि तू मधेच ओरडायचीस, ‘बघ तुझा बाप, पुन्हा माझं खोगीर घेऊन बसलाय, तेलात बुडवून कुजवणार आहे!’”

क्लॅरी त्यावर कधी काही बोलायचा नाही. फडकं हलवून दाखवायचा, बस.

“मला सांगायचं होतं त्यानं,” ड्यूल्सी म्हणाली.

“सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?” मर्व्हनं विचारलं.

तिनं विचार केला. “माझं मी करीन, म्हणाले असते.”

“मग?”

मर्व्हनं तिथेच पट्टे अदलाबदल केले. जखम भरून खाली नवे केस येईपर्यंत घोडीवर काही टाकू नकोस, म्हणाला, आणि त्यानंतर दर आठवड्याला पट्टे बदलायला विसरू नकोस. ती उतरताना त्यानं हात पुढे केला. एरवी तिनं तो झिडकारला असता.

*

जेनिस दुसऱ्या दिवशी गेली. रिकामा डबा फाटकापर्यंत खडखडत होता. मग तोही आवाज गेला आणि गुलाबी काकाकुवे तेवढे टाकीवर भांडत राहिले.

जखम भरून घोडीवर पुन्हा खोगीर चढलं, त्यानंतरच्या रविवारी फोन आला.

“काय करतेयस?” जेनिसनं विचारलं.

“खोगीर काढलंय.”

“तेल कमी लाव हं.”

दोघी हसल्या. जेनिसला अजून काही म्हणायचं होतं, पण तिकडे मुलींचं भांडण लागलं नि फोन ठेवावा लागला. ड्यूल्सी ओसरीत आली. पट्टे बदलायला दोन मिनिटं लागली. एवढंच काम. तो तर अर्धा-अर्धा तास बसायचा.

हात मोकळे झाले. बाजूच्या खुंटीवर क्लॅरीचं खोगीर होतं, तो गेल्यापासून तिनं नुसतं झटकलेलं. तिनं ते खाली घेतलं, कठड्यावर ठेवलं आणि रिकिबी सोडल्या.

डावी खाली होती. दोन बोटं नव्हे, चांगली चार. डावा पट्टा वर्षानुवर्षांच्या ताणानं बारीक झाला होता, उजव्यावर भोकांच्या कडाही झिजल्या नव्हत्या. हे पट्टे आपल्या जागेवरून कधी हललेच नव्हते.

तिनं डाव्या गादीवरून हात फिरवला. जास्तीची लोकर तिच्याच हाताला लागली.

पट्टे बदलायला म्हणून तिनं बकलावर अंगठा ठेवला. खाली कुंपणाशी बिस्किट उभी होती, ओसरीकडे बघत, कान पुढे करून. मग ड्यूल्सीनं फडक्यावर थोडं तेल घेतलं, दोन्ही पट्टे वरपासून खालपर्यंत पुसले, आणि होते तसेच, लांबडा डावीकडे ठेवून, खोगीर पुन्हा खुंटीवर टांगलं.