छतावरचा बाहुला

दादाला छतावर माणूस उभा करायची खोड होती. खऱ्या छतावर नव्हे, संगणकातल्या. सोलर बसवायचं छत तो स्वतः चढून मोजायचा, सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब उभारायचा आणि जिथला पत्रा गंजून सडलेला असेल तिथे एक राखाडी बाहुला ठेवायचा. "मी उभा असेन तिथे कुणी पाय ठेवायचा नाही," असं फिटरना बजावायचा. बाहुल्याला उंचीही स्वतःचीच दिलेली. मिरवायची हौस दांडगी, दुसरं काय!

पॅनेल मांडून, पडद्यावरचा सूर्य फिरवून वर्षाच्या विजेचा आकडा काढायचं काम त्याच्या धाकट्या बहिणीचं. बाहुल्याची सावली पॅनेलवर पडायची आणि वीज अर्धा टक्का कमी दिसायची. म्हणून आकड्यापुरता ती बाहुला उचलायची, नंतर परत ठेवायची. गोदामाच्या छताच्या वेळी परत ठेवायचा राहिला. फाईल तशीच सेव्ह झाली, नकाशा तसाच छापला गेला.

तीन महिन्यांनी दादा तो नकाशा घेऊन त्या छतावर चढला. इतकी छतं मोजणाऱ्याच्या लक्षात कितीसं राहणार? सोबतच्या फिटरने नंतर तिला सांगितलं, "नकाशा बघून म्हणाले, बाहुला नाही, म्हणजे पत्रा बदलला वाटतं. आणि पाऊल टाकलं."

बाहुला का नव्हता, ते तिने कुणालाच सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही.

तेव्हापासून सूर्य फिरवला की मोकळ्या छतावरही तिला सावली दिसायची, सकाळी लांबलचक, दुपारी आखूड. डोळे चोळून बघावं तर काहीच नसायचं.

आज तिने शाळेच्या छताची फाईल उघडली. दादाने मोजलेलं शेवटचं छत. बाहुला होता, अगदी मधोमध, तिच्याकडे तोंड करून. तिने सूर्य फिरवला. सावली सकाळी निघाली आणि एकेक पॅनेल ओलांडत संध्याकाळपर्यंत चालत राहिली. ही मात्र डोळे चोळूनही गेली नाही.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "सहापर्यंत आकडा पाठवायचाय. काढ की तो बाहुला."

सवयीने तिने डिलीट दाबलं. 'खरंच काढायचं?' सॉफ्टवेअरने विचारलं. रोजचाच प्रश्न, पण आज तिने 'नाही' दाबलं.

"अगं, आकड्यापुरता काढ. मग ठेव परत."

"गोदामाच्या वेळी तेच केलं होतं, साहेब. परत ठेवायचा राहिला. माझ्यामुळे गेला दादा."

साहेब शेजारच्या खुर्चीत मटकन बसले. पडद्यावरच्या बाहुल्याकडे बघत म्हणाले, "राहू दे त्याला."

सहाला आकडा गेला, अर्धा टक्का कमीच. वीज का घटली त्याचं कारण अहवालात लिहावं लागतं. तिने लिहिलं, 'छतावर माणूस उभा आहे.'