चार बोटं उंच

ज्या माणसाने चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, चिमट्याने मनगटी घड्याळं उघडली, त्याने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पाठीवर आडवं होऊन गाडीखाली सरपटत जावं, हे त्याच्या बायकोला काही पटत नव्हतं. त्यातून गाडी तरी कसली, तर अडतीस वर्षं जुनी, चारही चाकांना जोर लावणारी, आणि चालू झाली की शेजारच्यांच्या खिडक्या हलवणारी. घड्याळजीचं म्हणणं असं, की यंत्र ते यंत्र, लहान काय नि मोठं काय. बायकोचं म्हणणं असं, की घड्याळं दुरुस्त करताना तुम्ही कधी कोपरापर्यंत काळे होऊन जेवायला बसला नव्हता.

तिचा खरा राग बशांवर होता. घड्याळजीची जुनी सवय म्हणजे उघडलेला प्रत्येक स्क्रू वेगळ्या बशीत ठेवायचा आणि बशीखाली चिठ्ठी घालायची. घड्याळाला अशा आठ-दहा बशा पुरत. या गाडीने दोन महिन्यांत घरातल्या झाडून सगळ्या बशा गिळल्या, मग वाट्या, मग जेवणाची ताटं. पाहुणे आले की चहा नुसत्या कपात.

"पुढचं चाक पातेल्यात काढून ठेवा," ती म्हणाली. "मोठं आहे एक, फडताळात वर."

गाडी मुळात आक्काची. आक्का म्हणजे घड्याळजीची थोरली बहीण, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी आणि गुराढोरांची डॉक्टर. आई लवकर गेल्यावर याला लहानाचा मोठा तिनेच केला, म्हणून तो त्रेसष्ट वर्षांचा झाला तरी तिच्या तोंडी 'छोट्या'च राहिला. याच गाडीतून ती डोंगरमाथ्यावरच्या कुरणांपर्यंत जायची. रात्र म्हणू नका, चिखल म्हणू नका, गाय अडली म्हटलं की आक्का निघाली. गाडीचं नाव तिने ठेवलं होतं बाईसाहेब. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "गाडीत जागा नाही."

मागच्या वर्षी आक्का जिन्यावरून पडली आणि तिचा डावा खुबा बदलावा लागला. पाय बरा झाला, आक्का काही बरी झाली नाही. पुढच्या अंगणात ताडपत्रीखाली बाईसाहेब आणि खिडकीत खुर्चीवर आक्का, अशा दोघी समोरासमोर बसून असायच्या. पूर्वी जिच्यापुढे घरात कुणाची खैर नसायची, ती आता कुणाला टोचून बोलेना. एकदा तर जेवताना म्हणाली, "आता काय, झालं की सगळं." आक्का रागावली तर घड्याळजीला त्याची सवय होती. हे असलं शांत बोलणं ऐकून तो भ्यायला.

दुसऱ्या दिवशी त्याने ताडपत्री काढली आणि जाहीर केलं, "आक्का, गाडी ठाकठीक करतो आणि तुला माथ्यावर घेऊन जातो."

यात त्याचा एक स्वतःचा डाव होता. तो कुणाला सांगितला नाही, पण आपल्याला सांगायला काय हरकत आहे? आयुष्यभर तो आक्काच्या गाडीत बसलेला होता. त्याच्याकडे परवाना होता, पण मजल भाजीबाजारापर्यंत. एकदा तरी आपण स्टिअरिंगवर असावं, आक्का शेजारी असावी, आणि खड्या चढावर तिने म्हणावं, "छोट्या, शाब्बास." साठी उलटली तरी थोरल्या बहिणीची शाब्बासकी हवी असते. ज्यांना थोरली बहीण नाही त्यांना हे कळायचं नाही.

झालं, आठ महिने गाडीने त्याच्या नाकी नऊ आणले. इंजिन उतरवलं, धुतलं, चढवलं. ब्रेक नवे केले. चारही चाकांना जोर देणारा दुसरा छोटा गियर अडकून बसला होता, तो त्याने दातांच्या ब्रशने घासून मोकळा केला. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री रोज संध्याकाळी कप हातात घेऊन फाटकाशी उभा राहायचा आणि कशालाही हात न लावता उंटावरून शेळ्या हाकायचा.

"मास्तर, एवढं चकचकीत केलंत तर हिला आरशात बघायची सवय लागेल."

इथवर सगळं ठीक होतं. पण अति तेथे माती म्हणतात ते काही खोटं नाही. घड्याळजीने कुठेतरी वाचलं की डोंगरात जायचं तर गाडी उंच हवी, म्हणजे तिचं पोट दगडाला लागत नाही. मग काय! चाकांवरचे जुने स्प्रिंगचे पाटे गेले, नवे कमानदार पाटे आले, त्यावर थोराड टायर. पाट्यांनी चार बोटं उंची वाढली, टायरांनी आणखी तीन. बाईसाहेब अशा उभ्या राहिल्या की रस्त्यावरची कुत्री भुंकायची थांबून वर बघू लागली. घड्याळजी गाडीभोवती दहा फेऱ्या मारून आला आणि बायकोला म्हणाला, "आता बोल."

बायको बोलली नाही. ती पदराने तोंड झाकून हसत होती, पण ते त्याला दिसलं नाही.

रविवारी सकाळी आक्का तयार झाली. काठी घेतली, बाहेरचे जुने बूट-मोजे घातले, अशी जय्यत तयारी केली आणि अंगणात आली. गाडीच्या दाराशी उभी राहिली. दाराचा उंबरठा तिच्या कमरेला लागत होता. आणि खुबा फार वाकवायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद.

आठ महिने मोजमाप केलं, चाकांमधलं अंतर मोजलं, पोटाखालची जागा मोजली. आक्काचा पाय तेवढा मोजायचा राहिला.

आक्काने खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं. "छोट्या," ती म्हणाली, "मला गच्चीवरून सोडणार आहेस की काय?"

फाटकाशी मिस्त्रीला चहाचा ठसका लागला. घड्याळजीचे कान लाल झाले. पण त्याला बरंही वाटलं, कारण वर्षभरात आक्का पहिल्यांदा टोचून बोलली होती.

आठवडाभर खपून त्याने तीन पायऱ्यांची घडीची शिडी केली. बायकोने एका बाजूने, त्याने दुसऱ्या बाजूने धरून आक्काला डावीकडच्या सीटवर चढवलं. घड्याळजी स्टिअरिंगवर बसला. छाती भरून आली होती. गावाबाहेरच्या सपाट रस्त्याने त्याने गाडी नेली, आणि नेली म्हणजे चक्क बरी नेली.

आक्का म्हणाली, "छान आहे."

तो हबकला. आक्का चांगल्या गोष्टीला कधी चांगलं म्हणत नसे. आवडलं तर ती त्यातली चूक काढायची. 'छान आहे' हे ती फक्त परक्यांच्या घरी म्हणायची.

त्याने चोरून शेजारी बघितलं. वळण आलं की आक्काचा उजवा पाय पुढे सरकून नुसत्या पत्र्यावर दाबला जात होता, जिथे ब्रेक नव्हता. त्याने गियर बदलला की तिचा डावा पाय क्लचसाठी हलायचा. तो जेमतेम वीतभर उचलला जाई, चेहरा वाकडा होई, आणि आक्का खिडकीबाहेर बघू लागे. चाळीस वर्षं बंद घड्याळाच्या आत नेमकं काय अडलंय ते शोधणाऱ्या माणसाला हे दिसायला एवढा वेळ लागला, याची त्याला लाज वाटली.

घरी येऊन त्याने सरळ विचारलं, "आक्का, तुला चालवायचीय ना?"

आक्का उसळली. "पाय बघितलास माझा? तुझ्या त्या क्लचला बैलाचं बळ लागतं. लंगड्या घोड्याचं आम्ही काय करायचो ठाऊक आहे ना तुला?" मग आवाज खाली आला. "मिरवून आणलंस, पुष्कळ झालं. मी काय गाठोडं आहे रे, इकडून तिकडे न्यायला?"

बायको स्वयंपाकघरातून बोलली. "अहो, मी लग्न होऊन आले तेव्हापासून आक्कांना कुणी शेजारी बसवलेलं मी पाहिलं नाही. तुम्हाला आठ महिने सुचलं कसं नाही?"

त्या दुपारी त्याने पहिल्यांदा मनातल्या मनात स्वतःला स्टिअरिंगवरून उतरवलं. सोपं गेलं नाही. थोडा वेळ तो अंगणात उगाच एक स्वच्छ पाना पुसत बसला. मग उठून मिस्त्रीकडे गेला.

"मिस्त्री, गाडी परत खाली आणायचीय. आणि ते जुने पाटे मी भंगारात टाकायला दिले होते..."

मिस्त्रीने कोपऱ्यातली गोणपाटं सरकवली. आठवणीने तेल लावलेले चारही पाटे तिथे होते. "म्हटलं, मास्तर येतीलच," तो म्हणाला. "तुम्ही चढवत होता तेव्हाच सांगणार होतो. पण तुम्ही एवढे खूश होता, की जीभ रेटेना."

खाली आणणं हे हमालीचं काम होतं, झालं. खरं कोडं क्लचचं. पायाशिवाय क्लच दाबायचा कसा? घड्याळजीने आठवडाभर कागदावर रेघोट्या ओढल्या आणि उत्तर सापडलं ते असं: इंजिन चालू असताना हवा ओढून घेतं, त्याच ओढीच्या जोरावर क्लच दाबायचा. मोडीत निघालेल्या एका मोटारीच्या ब्रेकमध्ये त्यासाठी लागणारा पत्र्याचा डबा मिळाला. जोर तो लावणार. आक्काने गियरच्या दांड्यावरची छोटी कळ बोटाने दाबायची आणि सोडायची, की एक झडप उघडणार, मिटणार. ती झडप मात्र बारीक हवी. पटकन मिटली तर गाडी उडी मारणार, सावकाश मिटली तर क्लच जळणार.

आणि बारीक म्हटल्यावर घड्याळजीने खिशातून भिंग काढलं.

आता आक्का रोज सकाळी अंगणात उतरून ड्रायव्हरच्या सीटवर बसू लागली, कुणी न धरता. ती कळ दाबायची, सोडायची, आणि शेरे मारायची.

"झटका बसतोय."

तो झडप काढून केसभर घासायचा.

"आता झोपली. गाभण म्हैस उठते तशी उठतेय."

तो नवी झडप करायचा. नवव्या झडपेला दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, अकराव्या झडपेला अबोला, आणि बाराव्या झडपेला आक्का जेवणाच्या वेळी स्वतःहून म्हणाली, "उद्या झडपेतल्या सुईची टोकाकडची बाजू अजून निमुळती कर." बायकोने घड्याळजीकडे बघून भुवई उडवली. घर पूर्वीसारखं गजबजलं होतं, म्हणजे कुणाची खैर नव्हती.

घरामागच्या उतारावर चाचणी घेतली तेव्हा एक घोटाळा निघाला. चढावर इंजिन जीव काढून ओढू लागलं की डब्याला पुरेशी ओढ मिळेना आणि क्लच अर्धाच दबू लागला. इथे मिस्त्रीने इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कप खाली ठेवला. "एक रिकामी टाकी जोडा मधे. सपाटीला ओढ साठवायची, चढाला वापरायची." दोन-तीन वेळा गियर बदलण्यापुरती शिदोरी तिच्यात राहू लागली. दोन-तीनच वेळा. त्यापुढे क्लच दबला नाही आणि गाडी चढावर बंद पडली, तर ती मागे घसरणार हे तिघांनाही ठाऊक होतं.

डॉक्टरांनी आक्काचा उजवा पाय, डोळे आणि बोटं तपासून होकार दिला. परवान्याच्या कचेरीतला साहेब शेजारी बसून एक चक्कर मारून आला. उतरताना तो एवढंच म्हणाला, "बाई, जरा हळू."

माथ्याकडे निघाले तेव्हा घड्याळजी डावीकडच्या सीटवर होता. शेवटचा चढ समोर आला, दगडगोट्यांचा, चार वळणांचा. आक्काने गाडी थांबवली, छोटा गियर टाकला आणि म्हणाली, "उतर."

"मी?"

"दुसरं कोण आहे? साठ-सत्तर किलो ओझं कशाला वाहायचं? चालत ये मागून."

"आक्का, टाकीत दोन-तीनदाच पुरेल एवढं आहे. मी जवळ असलो तर चाकाला दगड तरी लावीन."

"छोट्या," ती हळूच म्हणाली, "मला एकटीला जाऊ दे."

तो उतरला. गाडी निघाली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि मग ती दिसेनाशी झाली. घड्याळजी जागच्या जागी उभा राहून कानाने बघत होता. इंजिन दमल्याचा आवाज आला. आता ती कळ दाबणार. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग खालच्या गियरमध्ये इंजिनाने पुन्हा सूर धरला, सरळ, न अडखळता. जाता जाता तो आवाज माथ्यापलीकडे गेला.

तो धापा टाकत वर पोचला तेव्हा गाडी बंद करून आक्का स्टिअरिंगवर दोन्ही हात टाकून बसली होती. समोर कुरणं उतरत गेली होती आणि दूर कुठेतरी गुरं चरत होती. तिचे डोळे ओले होते, आणि ते पुसायची तिने घाई केली नाही.

"मला वाटलं होतं, संपलं," ती म्हणाली. "खरंच वाटलं होतं रे."

तो वाकून झडप बघायला लागला.

"तिसऱ्या वळणावर किंचित झटका बसला," आक्का म्हणाली. "घरी गेल्यावर बघ."

म्हणजे आवडलं होतं. घड्याळजीने तेवढ्यावर हिंमत केली. "आक्का, परत जाताना मी चालवू?"

आक्काने त्याच्याकडे बघितलं, घामाने निथळणाऱ्या, गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेल्या आपल्या धाकट्या भावाकडे, आणि किल्ली मुठीत धरली.

"बघू," ती म्हणाली.

आक्का 'बघू' म्हणाली की पुढे काय होतं, हे त्याला साठ वर्षं ठाऊक होतं. तो हसत हसत गाडीला वळसा घालून डाव्या दाराने आत बसला.